स्केच जमतं, रंग दिले की चित्र बिघडतं

पत्र : मी नववीत आहे, सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहते. चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा झाली आहे, इंटरमिजिएटला पुढच्या वर्षी बसणार आहे. गॅदरिंगच्या प्रदर्शनासाठी आमच्या चित्रकलेच्या सरांनी प्रत्येकाला हाफ इम्पिरियल शीटवर पोस्टर कलरमध्ये एक पूर्ण चित्र करायला सांगितलंय. मला ‘आठवडी बाजार’ हा विषय आलाय. 20 दिवस आहेत. माझं स्केच बरं जमतं, पण रंग दिले की सगळं बिघडतं. गेल्या वर्षी कागद फुगला, रंग चिखलासारखे झाले, माणसं पुतळ्यांसारखी दिसायला लागली. शेवटी मी सगळ्याला काळ्या स्केचपेननं आउटलाइन मारली. तरी सर म्हणाले, ‘चित्र अपूर्ण वाटतंय.’ मी तर एकही जागा कोरी सोडली नव्हती! आई म्हणते, यंदा क्लासच्या सरांकडून फिनिशिंग करून घे. काय करू?

उत्तर :

तुझ्या सरांचं वाक्य आणि तुझं आश्चर्य, दोन्ही खरं आहे. कागदाचा प्रत्येक इंच रंगवूनही चित्र अपूर्ण राहू शकतं. आणि अर्धा कागद नुसत्या सपाट रंगाचा ठेवूनही चित्र पुरं होतं. फरक कशानं पडतो? उजळ कुठे, गडद कुठे आणि नजर पहिल्यांदा कुठे जाणार, हे रंगाची बाटली उघडायच्या आधी ठरलंय की नाही, त्यानं. तुझं स्केच जमतं कारण पेन्सिलीत तू फक्त रेषेचा विचार करतेस. रंग हातात आला की छटेचा विचार करावा लागतो. तो आधी केलेला नसतो, मग तो ओल्या रंगातच करायची वेळ येते आणि सगळी गडबड तिथेच होते.

म्हणून या 20 दिवसांतले पहिले 8-9 दिवस रंगाला हात लावायचा नाही. ऐकायला अवघड वाटेल, पण गेल्या वर्षीच्या तुझ्या बहुतेक तक्रारी याच दिवसांत मिटणार आहेत.

सगळ्यात आधी बाजार. तो आठवड्यातून एकदाच भरतो, म्हणजे 20 दिवसांत तुला दोन किंवा फार तर तीनच बाजार मिळणार. येत्या बाजाराला जायलाच हवं. वहीएवढी स्केचबुक आणि एक 2बी पेन्सिल घे. एका जागी तासभर थांब आणि दोन-दोन मिनिटांची 15-20 माणसं काढ. नाक-डोळे नकोत. पाठीचा बाक, पिशवीच्या बाजूला झुकलेला खांदा, वाकून मेथीची जुडी उचलणारा हात, एवढंच टिप. उभं माणूस दोन्ही पायांवर सारखा भार टाकून क्वचितच उभं राहतं. एका पायावर भार आला की त्या बाजूची कंबर वर जाते आणि खांदा बहुतेक वेळा खाली येतो. हा तिरपेपणा सुटला की माणूस पुतळा होतो. तुझी माणसं पुतळे झाली त्याचं कारण रंगात नव्हतं, घरी बसून आठवणीनं काढलेल्या सरळसोट उभ्या आकृत्यांत होतं.

जे दिसतं तेच काढ. तुमच्या बाजारात इलेक्ट्रॉनिक काटा असेल तर तागडी काढू नकोस. प्लास्टिकचे क्रेट, निळी ताडपत्री, गाऊनवर टॉवेल घेतलेली बाई, टोपी घातलेले आजोबा, खांद्याला अडकवलेली शाळेची जुनी बॅग, हे सगळं चित्रात यायला हवं. प्रदर्शनातल्या निम्म्या बाजारांत नऊवारीतली बाई, फेटेवाला आणि तागडी असेल; कुणीच ते पाहून काढलेलं नसेल. फोटो काढलेस तरी चालेल, पण ते ताडपत्रीची दोरी कुठे बांधलीय असल्या तपशिलापुरते. मोबाइलच्या फोटोत सावल्या काळ्याठिक्कर येतात आणि जवळची वस्तू वाजवीपेक्षा मोठी होते. फोटोवरून मांडणी केलीस तर हे दोन्ही दोष चित्रात उतरतील. आणि वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेव : किती वाजता, ऊन कुठल्या बाजूनं. सकाळी नऊचं ऊन डावीकडून येत असेल तर चित्रातल्या एकूण एक सावल्या उजवीकडेच पडल्या पाहिजेत.

आता मोजमाप. हाफ इम्पिरियल म्हणजे साधारण 38 × 56 सेंमी. चारही बाजूंनी 1 सेंमी समास सोड. उरलं 36 × 54, म्हणजे उंचीला 2 तर रुंदीला 3. हे प्रमाण धरून 4 × 6 सेंमीच्या सहा चौकटी एका पानावर आख आणि त्यात बाजाराच्या सहा वेगवेगळ्या मांडण्या कर. प्रत्येकीत तीनच छटा : कागदाचा पांढरा, पेन्सिलीचा मध्यम आणि 6बीचा गडद. माणूस म्हणजे एक ठिपका, छत्री म्हणजे एक डाग. तिन्ही छटा सारख्या वाटणीनं आल्या तर चित्र गोधडीसारखं दिसतं. साधारण निम्मा भाग मध्यम, त्याहून कमी गडद आणि अगदी थोडा उजळ, अशी वाटणी करून बघ. ताडपत्रीखालचा अंधार ही तुझी गडद छटा. ताडपत्री आणि छत्री यांच्या फटीतून उतरलेली उन्हाची तिरीप ही उजळ छटा. ती तिरीप नेमकी काट्यावर आणि विकणारीच्या हातांवर पडू दे. ही जागा मधोमध नको, रुंदीच्या साधारण एक तृतीयांशावर घे. चित्रातला सगळ्यात उजळ डाग आणि सगळ्यात गडद डाग इथे शेजारी-शेजारी येऊ देत. नजर आपोआप तिथेच जाईल.

छटेची ताकद बघायची असेल तर सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ नीट बघ. हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचं ते जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्यात उजळ भाग किती थोडा आहे, तो मोज. माणसांच्या घोळक्यासाठी म. वि. धुरंधर (1867–1944) यांची चित्रं बघ. आणि औंधचं श्री भवानी संग्रहालय तर तुझ्याच जिल्ह्यात आहे. तिथे मूळ चित्रांसमोर डोळे किलकिले करून उभी राहा. डोळे बारीक केले की तपशील पुसले जातात आणि फक्त छटा उरतात. ही युक्ती पुढे रोज लागणार आहे.

सहांपैकी एक मांडणी निवडलीस की ती 9 × 13.5 सेंमीच्या चौकटीत नीट काढ. बरोबर चौपट केली की 36 × 54 होते. छोट्या चित्रावर 1.5 सेंमीचे चौकोन आखलेस तर 9 आडवे आणि 6 उभे बसतात. मोठ्यावर तेच चौकोन 6 सेंमीचे. मात्र हे चौकोन चांगल्या कागदावर आखू नकोस. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर किंवा खाकी कागदावर मोठं रेखाटन कर, हवं तेवढं खोड आणि मग ट्रेसिंग पेपरनं चांगल्या कागदावर उतरव. ट्रेसिंग पेपरच्या पाठीला 2बी पेन्सिल घासली की झालं. काळा कार्बन वापरू नकोस, त्याचा मेणचट अंश रंग धरू देत नाही आणि खोडलाही जात नाही. चांगल्या कागदावर खोडरबर जितका कमी फिरेल तितकं बरं. खोडून खोडून कागदाचा पृष्ठभाग उसवला की तिथे रंग जास्त मुरतो आणि डाग दिसतो.

मोठं रेखाटन करताना एक रेषा सगळ्यात आधी आख, ती म्हणजे डोळ्यांच्या पातळीची. वरच्या कडेपासून 12 सेंमीवर धर. तू सपाट जमिनीवर उभी राहून बाजार बघते आहेस, तर उभ्या असलेल्या सगळ्या मोठ्या माणसांचे डोळे जवळपास याच रेषेवर येतात. जवळच्यांचेही आणि लांबच्यांचेही. माणूस लांब जातो तसे त्याचे पाय वर सरकतात, डोकं खाली येत नाही. बाजाराच्या चित्रांत निम्म्याहून जास्त घोटाळा इथेच होतो. लांबची माणसं नुसती लहान काढून कुठेही ठेवलेली असतात, मग ती बुटकी नाही तर हवेत तरंगणारी दिसतात.

आकडे घालून बघू. पुढच्या बाईचे पाय खालच्या कडेपासून 6 सेंमीवर असतील, तर पायापासून डोळ्यांपर्यंत तिची उंची झाली 18 सेंमी. मोठं माणूस आपल्या डोक्याच्या साधारण साडेसातपट उंच असतं आणि डोळे डोक्याच्या मध्यावर असतात. म्हणजे डोळ्यांपर्यंत 7 डोकी. 18 भागिले 7, तिचं डोकं अडीच सेंमीच्या आसपास. तिच्याच शेजारी मांडी घालून बसलेली भाजीवाली जमिनीपासून टाळूपर्यंत साधारण 4 डोकी, म्हणजे 10 सेंमी. पाय 18 सेंमीवर असलेला लांबचा माणूस डोळ्यांपर्यंत फक्त 6 सेंमी भरेल, आणि त्याचं डोकं जेमतेम 8-9 मिलिमीटर. पाच-सहा वर्षांचं पोर असेल तर ते स्वतःच्या डोक्याच्या सव्वापाच-साडेपाचपटच उंच. ते त्या रेषेच्या बरंच खाली राहील.

याच रेषेवर टोपल्यांची तोंडंही ठरतात. जमिनीवरच्या टोपलीचं तोंड बऱ्यापैकी उघडं लंबवर्तुळ दिसतं. कुणी कमरेवर घेतलेल्या टोपलीचं चपटं. आणि डोक्यावरची पाटी रेषेच्या वर असल्यानं तिच्या आतलं काही दिसत नाही, वर आलेली भाजी तेवढी दिसते. मोठ्या छत्रीचाही वरचा घुमट कमी आणि आतल्या काड्या जास्त दिसतात.

कागदाबद्दल थोडक्यात. साधा कार्ट्रिज, म्हणजे नेहमीचा चित्रकलेचा कागद, पाण्यानं फुगतोच, कारण ओले झालेले धागे पसरतात आणि सुकताना वेडेवाकडे आखडतात. जमलं तर 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, जलरंगाचा फुल इम्पिरियल कागद एकच घे आणि मधोमध काप. एक अर्धा चित्राला, दुसरा रंग आजमावायला. तो बोर्डवर मास्किंग टेपनं चारही बाजूंनी चिकटव, टेप कागदावर 1 सेंमीच येऊ दे. तोच तुझा समास. कार्ट्रिजच वापरायचा असेल तर आधी तो ताणून घ्यावा लागेल. दोन्ही बाजूंनी ओला कर, पाच मिनिटं थांब, प्लायवर पसर, पाणी लावून चिकटणाऱ्या खाकी कागदी टेपनं कडा चिकटव आणि रात्रभर आडवा सुकू दे. सुकताना तो डफासारखा ताणला जातो. ओल्या कागदावर मास्किंग टेप टिकत नाही, तिथे ती वापरू नकोस. रेखाटन कागद ताणल्यावरच उतरव. नाव आणि इयत्ता मात्र ताणायच्या आधीच मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहून टाक.

आता चिखल. रंगांचा चिखल चार कारणांनी होतो : पाणी घाण असतं, एका मिश्रणात चार-पाच रंग पडतात, सावलीसाठी काळा घातला जातो, आणि ओल्या रंगावर ब्रश घासला जातो. पाण्याचे दोन डबे ठेव, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ पाणी घ्यायला. धुवायचं पाणी चहाच्या रंगाचं झालं की लगेच बदल. बारा बाटल्यांपैकी सातच बाहेर काढ : लेमन यलो, यलो ऑकर, व्हर्मिलियन, क्रिमसन, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन आणि पांढरा. यातला एखादा तुझ्या सेटमध्ये नसेल तर सुटी बाटली मिळते. काळ्याचं झाकण उघडूच नकोस. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळलेस की काळ्याच्या अगदी जवळ जाणारा गडद रंग मिळतो, आणि तो गरम-थंड दोन्हीकडे झुकवता येतो. एका मिश्रणात दोन रंग आणि पांढरा, फार तर तिसरा एक थेंब. पांढरा सगळ्यात लवकर संपतो, त्याची मोठी बाटली आणून ठेव.

पोस्टर कलर डिंकात कालवलेला असतो, म्हणून सुकल्यावरही तो पाण्यानं पुन्हा विरघळतो. पोस्टर कलरच्या बहुतेक खोडी यातूनच येतात. वरचा थर देताना ब्रश दोनदा-तीनदा फिरवलास की खालचा रंग उचलला जातो आणि दोन्ही मिळून राखाडी होतं. खालचा थर पूर्ण सुकू दे, वरच्यात पाणी कमी घे, रंग ठेव आणि ब्रश उचल. रंग घट्ट ताकाइतका दाट हवा. त्याहून पातळ झाला तर पट्टे दिसतात, आणि सुकल्यावर बोटाला पूड लागते कारण डिंक पुरत नाही. फार जाड लावला तर सुकताना तडे जाऊन पापुद्रे सुटतात. एका जागी तीन थरांच्या वर जाऊ नकोस.

अजून एक खोड : फिकट मिश्रणं सुकल्यावर थोडी गडद होतात आणि गडद थोडी फिकी पडतात. म्हणून प्रत्येक मिश्रण आधी कागदाच्या दुसऱ्या अर्ध्या तुकड्यावर लाव, सुकू दे आणि मगच चित्राजवळ धरून बघ. मोठ्या जागेचा रंग एकदाच भरपूर कालव आणि झाकणाच्या डबीत ठेव. मध्येच संपला तर तोच रंग पुन्हा जुळत नाही, आणि जमिनीवर नकाशा उमटतो.

रंगवायला सुरुवात करशील तेव्हा आधी पूर्ण कागदावर यलो ऑकर आणि किंचित बर्न्ट सिएनाचा पातळ हात दे. पांढरा कागद डोळ्यांना दिपवतो आणि त्याच्यासमोर प्रत्येक रंग गडद भासतो. हा हात दिला की छटा खऱ्या दिसतात. ओला हात देताना पेन्सिलीची रेघ थोडी पसरते, म्हणून उतरवलेलं रेखाटन आधी फिकं करून घे. त्यानंतर 1 इंची चपट्या ब्रशनं आणि 12 नंबरच्या गोल ब्रशनं सगळ्या मोठ्या जागांना मध्यम छटा. आकाश, लांबची घरं, जमीन, ताडपत्री, माणसांचे कपडे, सगळं सपाट. एकही डोळा नाही, एकही टोमॅटो नाही. दोन दिवस चित्र अगदी वेडंबागडं दिसेल. घाबरू नकोस आणि घरच्यांना दाखवू नकोस.

गेल्या वर्षी तू बहुधा डाव्या कोपऱ्यातून सुरू करून एकेक माणूस पुरा करत गेली असशील. तसं केलं की पहिल्या चेहऱ्यावर तास जातो, शेवटच्या चौघांना दहा मिनिटं मिळतात आणि कुठलीच दोन माणसं एका उन्हातली वाटत नाहीत. सगळं चित्र एकदम वर आलं पाहिजे : आधी सगळीकडे मध्यम, मग सगळीकडे गडद, मग उजळ. कुठल्याही दिवशी थांबलीस तरी चित्र त्या टप्प्यापुरतं पुरं असलं पाहिजे.

सावल्यांबद्दल एवढंच की सावली म्हणजे काळोख नव्हे. उन्हातली जमीन यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि पांढऱ्याची असेल, तर तिच्यावरच्या सावलीत पांढरा अगदी थोडा ठेव आणि अल्ट्रामरीन घाल. निळ्या ताडपत्रीखाली ऊन गाळून येतं, म्हणून खालची माणसं, पांढरी टोपी, कोबीचे गड्डे, सगळ्यांवर निळसर छटा असते. टोपी पांढरी म्हणून पांढऱ्यानंच रंगवलीस तर ती ताडपत्रीतून भोक पाडून बाहेर येईल.

आता टोमॅटोची पाटी जवळून बघ, कारण ही एक पाटी जमली की सगळी भाजी जमेल. पाटी 7 सेंमी रुंद धर. आत आधी क्रिमसन आणि बर्न्ट सिएनाचा गडद रंग सपाट भर. सुकल्यावर त्यावर व्हर्मिलियननं ढिगाचा आकार ठेव, पण उजवी कड आणि खालचा भाग गडदच राहू दे. त्या लालातून पुढचे फक्त सहा-सात टोमॅटो वेगळे काढ, तेही टोमॅटोमधल्या फटींत गडद रंग ठेवून. टोमॅटोभोवती गोल रेघ ओढायची नाही. बाकीचे नुसते ठिपके, डोळा त्यांचे टोमॅटो करून घेतो. उन्हाच्या बाजूला व्हर्मिलियनमध्ये लेमन यलो आणि थोडा पांढरा घालून एकेक डाग. नुसता पांढरा घातलास तर लालाचा गुलाबी होतो आणि टोमॅटो आजारी दिसतात. चकाकीचा पांढरा बिंदू दोनच टोमॅटोंवर. देठ तीन-चार. पाटीची वीण सगळीकडे काढू नकोस. ऊन संपून सावली सुरू होते त्या पट्ट्यात पाच-सहा आडवे-उभे फटकारे पुरे. शेवटी पाटीखालची सावली : बुडाशी गडद आणि काठ स्वच्छ, पुढे सरकेल तसा काठ जरा मऊ. खाली गोणपाट असेल तर सावलीत लालाची पुसट झाक.

हिरवं तयार बाटलीतून घेऊ नकोस. लेमन यलो आणि अल्ट्रामरीनच्या हिरव्यात बर्न्ट सिएनाचा थेंब टाकलास की मेथी, कोथिंबीर, पालक असे वेगळे हिरवे निघतात. तयार हिरवा प्लास्टिकच्या पानांसारखा दिसतो.

चेहऱ्यांची भीती काढून टाक. अडीच सेंमीच्या डोक्यात डोळा जेमतेम तीन-साडेतीन मिलिमीटरचा. त्यात पापण्या-बुबुळं कोरायला गेलीस की बाहुली होते. यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि थोडासा पांढरा मिसळून त्वचेचा रंग कर. पांढरा वाढला की त्वचा खडूसारखी राखाडी होते, तेव्हा किंचित व्हर्मिलियननं तिला परत गरम कर. मग त्वचेच्या गडद रंगानं डोळ्यांच्या खोबणी, नाकाखाली, खालच्या ओठाखाली आणि हनुवटीखाली एकेक स्पर्श. 4 नंबरचा ब्रश पुरे. चेहरा कुणीकडे वळलाय आणि पदर कपाळावर सावली टाकतोय का, हे दिसलं की माणूस ओळखू येतो. लांबच्या माणसांना तर चेहराच नको, एक डाग बास.

आउटलाइनचा मोह होईल. जिथे होईल तिथे समजून घे की शेजारच्या दोन छटा एकसारख्या झाल्यात, म्हणून कड हरवली आहे. रेघ मारण्याऐवजी मागची बाजू एक पायरी गडद कर किंवा पुढची उजळ कर. काही कडा हरवलेल्याच चांगल्या. सावलीतला माणूस अंधारात अर्धा मिसळला की बाजार खोल वाटतो. स्केचपेन तर नकोच. तिची शाई या रंगावर पसरते, उन्हात उडते आणि सगळ्या माणसांना एकाच जाडीच्या तारेत बांधून टाकते.

चूक झाली तर तिच्यावर लगेच रंग चढवू नकोस. स्वच्छ ओल्या ब्रशनं ती जागा भिजव, टिश्यूनं टिप, दोनदा-तीनदा कर, सुकू दे, मग नव्यानं रंगव. क्रिमसनच्या बाबतीत जास्त जप. त्याच्यावर पांढरा दिलास तर खालचा लाल वर येऊन गुलाबी डाग पडतो. म्हणून लाल लुगड्याच्या जागी पांढरं धोतर करायचा विचार रेखाटनातच करून घे.

आईच्या सूचनेबद्दल. तिचा हेतू चांगला आहे, तुझं नाव व्हावं एवढंच तिला हवंय. पण क्लासच्या सरांनी चेहरे आणि सावल्या ‘उचलून’ दिल्या की एका चित्रात दोन हात दिसतात, आणि चित्रकलेच्या शिक्षकाला ते पहिल्या नजरेत कळतं. चित्र तुझ्या नावानं लागतं आणि तू त्याच्यासमोर उभी राहायला कचरतेस. हे करू नकोस, हे आमचं स्पष्ट मत आहे. क्लासच्या सरांची मदत घ्यायचीच तर तीन छटांच्या टप्प्यावर घे. त्यांना एकच विचार, ‘यात नजर आधी कुठे जाते?’ त्यांनी काट्याकडे बोट दाखवलं तर पुढे जा. दुसरीकडे दाखवलं तर 4 × 6 च्या चौकटीत पाच मिनिटांत बदल करता येतो. आईला मात्र बाजारात सोबत ने. कुठला विक्रेता कुठे बसतो, हे तिला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. दोन मिनिटं स्वतःचा हात स्थिर धरून समोर बसायलाही ती चालेल. मुठीत जुडी धरल्यावर अंगठा कुठे जातो, हे आठवणीनं कुणालाच काढता येत नाही.

रंगाला आठ दिवस, रोज दीड तास. म्हणजे शेवटचे तीन दिवस मोकळे राहतात, ते तसेच ठेव. एक दिवस चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवायला, म्हणजे डोळे ताजे होतात. मग प्रदर्शनात लोक उभे राहतील तितक्या, साधारण 3 मीटर अंतरावरून बघ. उलटं करून बघ, आरशात बघ, मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल कर आणि तुझ्या 9 × 13.5 च्या छोट्या चित्राशेजारी धर. छोट्यात जिथे अंधार होता तिथे मोठ्यात राखाडी झालंय का? बहुतेकदा झालेलं असतं, कारण गडद रंग सुकून फिकट पडतात. तेवढेच गडद पुन्हा भर. काट्याजवळ दोन-तीन शुद्ध उजळ स्पर्श शेवटी ठेव. मग एक फटकारा मार आणि 3 मीटर मागे जा. फरक दिसला नाही, की चित्र झालंय. ब्रश धुवून ठेव.

टेप दुसऱ्या दिवशी काढ, कागद कोरडा ठणठणीत झाल्यावर. चित्राच्या बाहेरच्या दिशेला तिरकी, सावकाश. ओढाताण झाली तर कागदाचा पापुद्रा निघतो. खाकी टेप निघत नाही, तिथे पट्टी ठेवून कटरनं काप आणि सफेद समास हवा असेल तर माउंटचा, म्हणजे चित्राभोवती लावायच्या पुठ्ठ्याच्या चौकटीचा घे. माउंटला बाजूंना 5 सेंमी, खाली सहा, रंग मळकट पांढरा. लॅमिनेशन करू नकोस. गुंडाळीही नको, घडीवर रंग तडकतो. वर बटर पेपर ठेवून दोन पुठ्ठ्यांमध्ये आडवं ने. सही उजव्या कोपऱ्यात, जमिनीच्याच रंगाच्या एक पायरी गडद छटेत, अक्षरं 5 मिलिमीटरपेक्षा मोठी नकोत.